एस. टी. म्हणजे मैदान नव्हे

क्रिकेटचा सामना जिंकल्यावर ओरडू नये असे सांगणारा माणूस अरसिकच म्हणावा लागेल. २९ जून २०२४ च्या रात्री बार्बाडोसला आपण दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या बोरीच्या चौकात पुष्कळ गाव जमले होते आणि त्यात माझाही घसा बसला होता. तेव्हा हा लेख ओरडण्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर आमचे वर्गमित्र पहिला परिच्छेद वाचूनच अंक मिटतील. माझे म्हणणे एवढेच आहे की, अलीकडे हे ओरडणे मैदानातून आणि चौकातून उठून एस. टी. त व रेल्वेच्या डब्यात शिरले आहे, आणि तेथे शिरल्यावर त्याचे स्वरूपच पालटले आहे. तेथे तो आनंद राहत नाही. पुष्कळदा ती तपासणी होते.

मैदानावर जाणारा माणूस तिकीट काढतो तेच मुळी गोंगाटासाठी. त्याला गोंगाट नको असेल तर त्याने घरी बसावे. चौकातला माणूस कंटाळला तर गल्लीत वळतो. एस. टी. चे तसे नाही. परभणीहून जिंतूरकडे निघालेल्या संध्याकाळच्या गाडीत कोण नसते? दवाखान्यातून परतणारी बाळंतीण असते, कोर्टाची तारीख करून आलेला शेतकरी असतो, कृषी विद्यापीठातला मजूर असतो, झरीचा भाजीवाला असतो आणि आम्ही पासवाले विद्यार्थी तर असतोच. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून पाय ठेवायलाही जागा नसते (याबद्दल तक्रार नाही, आमच्या आईचे माहेरी जाणे वाढले आहे). या माणसांना एकमेकांशी काही देणेघेणे नसते, फक्त रस्ता एक असतो. मधेच उतरण्याची सोय कोणालाच नाही. अशा ठिकाणी वीस तरुण एकाच सुरात ओरडू लागले की उरलेल्या चाळिसांना दोनच वाटा राहतात : त्यांच्या सुरात सूर मिळवणे किंवा गप्प बसणे. आणि गप्प बसण्याचा अर्थ लावण्याचे काम त्या विसांनी आपल्याकडे घेतलेले असते.

१४ ऑक्टोबर २०२३ चा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्यामुळे गाडीत मातीचे घट, परड्या आणि पत्रावळींचे गठ्ठे होते. अहमदाबादला भारत-पाकिस्तान सामना चालू होता. पाकिस्तान दोन बाद १५५ वरून सर्वबाद १९१ वर आटोपला होता आणि आपली फलंदाजी सुरू झाली होती. मागच्या बाकावर एकाच्या मोबाइलवर सामना दिसत होता, बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. रोहित शर्माने षटकार मारला की गाडी हलायची. येथपर्यंत सगळ्यांनाच मजा येत होती. पुढच्या बाकावरच्या मावशीसुद्धा मागे वळून ‘किती झाले रे?’ म्हणून विचारत होत्या.

मग ‘भारत माता की जय’ सुरू झाले. त्याच्यामागून ‘पाकिस्तान मुर्दाबाद’. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, डोक्याला जाळीची टोपी, मांडीवर औषधांची पिशवी. पोरांपैकी एकजण पुढे सरकून त्यांना म्हणाला, ‘चाचा, तुमी बी म्हना की.’ ते हसले. तो पुन्हा म्हणाला, ‘म्हना ना, का म्हनत नाही?’ आता दहा-बारा मोबाइल त्यांच्याकडे वळले होते. म्हातारा म्हणाला, ‘बेटा, मेरेकू सुनाई कम आता. जिंतूर आया तो बोलना.’ खरोखर कमी ऐकू येत होते की नव्हते, कोण जाणे. कोणीतरी मोठ्याने हसले. परडी घेतलेली एक बाई वसकन ओरडली, ‘म्हाताऱ्याला बसू द्या की! उड्या मारून घट फोडता का माझे?’ वाहकाने दोरी ओढून गाडी उभी केली आणि सगळे खाली बसेपर्यंत पुढे नेणार नाही, असे बजावले. गाडी पाचेक मिनिटांनी निघाली. काही विशेष घडले नाही, असेच कोणी म्हणेल. त्या माणसाने मात्र पुढचा सगळा रस्ता खिडकीबाहेर काढला आणि बाहेर तर केव्हाच अंधार पडला होता.

मला राहून राहून आठवते ते असे की, त्या दुपारी सामना फिरला तो बाबर आझमचा त्रिफळा उडाल्यावर आणि तो उडवणारा होता मोहम्मद सिराज, हैदराबादच्या रिक्षावाल्याचा मुलगा. त्या बळीवर आमच्या महाविद्यालयासमोरच्या हॉटेलात ज्यांनी टेबले बडवली, त्यातलेच काही संध्याकाळी गाडीत होते. सिराजकडून कोणी घोषणा मागितली नव्हती, त्याच्याकडून बळी हवे होते. तेही पडले नाहीत तर काय होते, हे मोहम्मद शमीला विचारावे. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून हरलो तेव्हा मार अकराही जणांनी खाल्ला होता, पण शिव्या वेचून त्यालाच घातल्या गेल्या. कर्णधार विराट कोहली काही दिवसांनी त्याच्या बाजूने उघड बोलला, ही त्यातली बरी गोष्ट.

मित्रांशी बोलताना एक प्रश्न हटकून येतो, ‘देशाचा जयजयकार करण्यात वाईट काय?’ वाईट काहीच नाही. आपल्या मराठवाड्याला तर हे कोणी शिकवायला नको. १९३८ साली निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून बाहेर काढण्यात आले. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातले विद्यार्थी त्यात होते, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातले होते. शेकडो मुले शिक्षणाला मुकण्याची वेळ आली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच एक. आपल्या वयाची ही पोरे होती, हे लक्षात घेतले म्हणजे दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंड्याखाली अर्धा तास उभे राहतो त्याला काही अर्थ येतो.

परंतु ती घोषणा कोणाकडे तोंड करून होती? ती सत्तेकडे तोंड करून होती. म्हणणाऱ्याचे वसतिगृह जात होते, शिष्यवृत्ती जात होती, घरी बापाला तोंड दाखवायची पंचाईत होत होती. एस. टी. त म्हणणाऱ्याचे काय जाते? काहीच नाही. जे काही जायचे ते ऐकणाऱ्याचे जाते. शब्द तेच राहिले, पण त्यांचे तोंड वरून वळून शेजारच्या बाकाकडे झाले. निजामाचे अधिकारी ‘हे म्हणू नका’ म्हणून दटावत होते. आपण ‘हे म्हणाच’ म्हणून दटावतो. दोन्हींत दटावणे हेच समान आहे, आणि १९३८ च्या पोरांचे भांडण त्या दटावण्याशी होते, असे मी समजतो.

परदेशात हा प्रकार फुटबॉलच्या निमित्ताने चालतो. इंग्लंडात सामन्याच्या दिवशी रेल्वेचे निराळे पोलीस दल गाड्यांतून फिरत असते. पण दुसऱ्याच्या देशातली गर्दी आपल्यावर उलटली म्हणजे काय वाटते, हे भारतीय फुटबॉलनेही एकदा अनुभवले आहे. ती हकीकत आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

१९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जकार्ताला आशियाई खेळ झाले. आपल्या फुटबॉल संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. १९५६ पर्यंत आपला परभणी जिल्हा ज्या राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीतला हा माणूस. हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनीच नावारूपाला आणला होता. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली. हरकत रास्त होती. पण तेथल्या जनतेला ती आपल्या देशाचा अपमान वाटली, आणि राग निघाला तो भारतीय वकिलातीवर आणि ज्यांचा या वादाशी काही संबंध नव्हता त्या खेळाडूंवर. आपले खेळाडू ज्या बसने मैदानावर जात, तिच्यावर भारताचे नाव किंवा झेंडा दिसू नये याची काळजी घ्यावी लागली. बचावफळीतला जर्नेल सिंग शीख. त्याचा फेटा खिडकीतून दिसला की बस कोणाची ते कळणार. म्हणून त्याला बसमध्ये खाली, तळाशी बसून जावे लागले, असे त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवले आहे.

४ सप्टेंबरला अंतिम सामना दक्षिण कोरियाशी झाला. लाखभर प्रेक्षक आणि सगळे आपल्या विरुद्ध. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला आणि दुसरा केला तो डोक्याला टाके घातलेल्या याच जर्नेल सिंगने. आपण २-१ ने जिंकलो. संघात बंगालचे, पंजाबचे, हैदराबादचे आणि गोमंतकाचा फॉर्च्युनाटो फ्रँको, असे सगळे होते. त्या लाखाच्या विरोधी गर्दीत भारताच्या बाजूने ओरडणारे एक छोटेसे टोळके होते. ते होते पाकिस्तानच्या हॉकी संघाचे. त्याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याला हरवून सुवर्णपदक घेतले होते, आणि तेच फुटबॉलच्या वेळी आपल्यासाठी घसा कोरडा करीत होते. लढाया त्याआधीही झाल्या होत्या, तीन वर्षांनी पुन्हा झाली. ती माणसे काही भाबडी नव्हती.

फेटा दिसू नये म्हणून बसच्या तळाशी बसलेला जर्नेल सिंग आणि टोपी दिसली म्हणून बसमध्ये हटकलेला जिंतूरचा म्हातारा, यांची तुलना काहींना आवडणार नाही. दोघांच्या बाबतीत गर्दीने डोक्यावरचे वस्त्र पाहून माणूस ओळखला, एवढेच मी म्हणतो. फरक आहे तो असा की, जर्नेल सिंग परक्या देशात होता.

१९९० साली इंग्लंडच्या नॉर्मन टेबिट नावाच्या पुढाऱ्याने अशीच एक कसोटी काढली होती. आशियातून आलेले लोक क्रिकेटमध्ये कोणाच्या बाजूने ओरडतात ते पाहा, म्हणजे त्यांची निष्ठा कळेल, असे त्याचे म्हणणे. त्या कसोटीला लंडनमधले आपले कितीतरी मराठी बांधव नापास झाले असते, कारण ओव्हलवर ते तिरंगा घेऊन बसतात आणि टीव्हीवर ते दिसले की येथे आपला ऊर भरून येतो. तेथे नोकरी करून, कर भरून ते भारतासाठी ओरडतात, हे आपल्याला गोड वाटते. जिंतूरच्या म्हाताऱ्याने तर दुसऱ्या कोणासाठी तोंडही उघडले नव्हते. तरी त्याला मात्र परीक्षेला बसवायचे!

आपल्या जिल्ह्यात मुसलमानांची वस्ती बरीच आहे. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक यांचा उरूस भरतो, तेव्हा याच रस्त्यावरच्या याच गाड्या हिंदू-मुसलमान दोघांनाही दाटीवाटीने आणतात आणि रात्री परत नेतात. त्या गाड्यांत कोणी कोणाला काही म्हणायला लावत नाही. पोराला मांडीवर घेणे, पिशवी धरून ठेवणे, ‘सरका जरा’ म्हणणे, एवढाच व्यवहार असतो आणि तो छान चालतो.

मागच्या महिन्यात मी हा विषय वर्गात काढला तेव्हा एकाने विचारले, ‘मग गप्प बसायचे का?’ गप्प कशाला? मोबाइल असेल त्याने धावसंख्या मोठ्याने सांगावी, षटकार गेला की खुशाल ओरडावे, मावशींना उत्तर द्यावे. बाकावरच्या माणसाने आपल्याबरोबर काय म्हणावे, हे मात्र त्याचे त्याला ठरवू द्यावे. हे वाहकाने सांगावे असे काहीजण म्हणतात. वाहक बिचारा साठ माणसांची तिकिटे फाडणार, सुट्या पैशांवरून भांडणार की आपल्यावर लक्ष ठेवणार? शिवाय ती पोरे कोणी बाहेरची नसतात. संध्याकाळच्या जिंतूर गाडीत मागचे चार बाक आपल्या महाविद्यालयाच्या पासवाल्यांचेच असतात, आणि १४ ऑक्टोबरलाही ते तसेच होते.