होडीवर एक तांडेल, मग कारखान्यात चार का?

मुरुड-राजपुरीच्या किनाऱ्यावर कामाची वाटणी कोणाला शिकवावी लागत नाही. मच्छीमारीच्या होडीचा खर्च मालक करतो, पाण्यावर शब्द तांडेलाचा चालतो आणि जाळे ओढण्याची रीत खलाशी जाणतात. एका होडीवर दोन तांडेल कोणी ठेवीत नाही.

पण आपण फर्निचरचा कारखाना, बेकरी किंवा पर्यटकांच्या खोल्यांचा धंदा काढला की हा नियम विसरतो. वडील एक काम सांगतात, थोरले भाऊ दुसरे, आखातातला भाऊ फोनवरून तिसरे. ज्याचा आवाज मोठा त्याचे काम कारागीर हाती घेतो. गिऱ्हाईकाची मुदत टळते. मुदत टळणे म्हणजे वादा मोडणे, हे व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको.

संगणकाच्या धंद्यात १९९५ साली केन श्वाबर व जेफ सदरलँड यांनी ‘स्क्रम’ नावाची पद्धत मांडली. तिच्यात भूमिका तीनच. आधी काय करायचे हे एक जण ठरवतो, दुसरा वाटेतल्या अडचणी दूर करतो आणि काम कसे करायचे ते करणारे ठरवतात. पहिल्या जागी एकच माणूस असावा, समिती नसावी, असा तिचा दंडक आहे.

क्रम लावण्याची एक सोपी रीत डाय क्लेग यांनी १९९४ साली दिली. कामांचे चार भाग करायचे: हवेच, असावे, असल्यास बरे आणि यंदा नको. पावसाळ्यानंतर जंजिऱ्याच्या होड्या सुरू होण्यापूर्वी पाहुण्यांच्या खोल्या तयार करायच्या असतील, तर गळके छप्पर, पाणी व संडास ‘हवेच’ मध्ये येतात. पंखे-पलंग त्यानंतर, रंगरंगोटी त्याच्याही नंतर आणि वरचा मजला यंदा नको.

दुसरा धडा जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइची ओनो यांनी घालून दिला: हाती घेतलेले पुरे झाल्याशिवाय नवे काम ओढू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्याकडे घरोघरी छपरे उडाली होती. अशा वेळी पाच घरांवर अर्धी कौले चढवणारा कारागीर पाचही कुटुंबांना भिजवतो. एक छप्पर पुरे करून पुढे जाणारा निदान एकेकाला कोरडे करतो. पहिले घर कोणते? जिथे म्हातारे-लेकरे उघड्यावर आहेत ते. ज्याची ओळख मोठी ते नव्हे.

आमचे मत स्पष्ट आहे. जो दिवसभर कारखान्यात उभा राहतो आणि गिऱ्हाईकाचे बोलणे ऐकून घेतो, क्रम त्यानेच ठरवावा, मग तो घरात सर्वांत धाकटा का असेना. यात वडीलधाऱ्यांचा अवमान नाही. कुरआनने मशवऱ्याची ताकीद केली आहे, तसेच निर्णय झाल्यावर अल्लाहवर भरवसा ठेवून पुढे जाण्याचीही. दर जुम्याला सर्वांनी बसून मत द्यावे, ठरलेला क्रम फळ्यावर लिहावा आणि पुढच्या जुम्यापर्यंत त्याला कोणी हात लावू नये. धाकट्याला जबाबदारी देऊन अधिकार न देणारी घरे त्याला आपणच आखाताची वाट दाखवतात.