३३ दिवसांत संपलेला संघ

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
युवक व्यवहार व क्रीडा मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
(भारतीय राजदूतावास, मस्कत यांच्यामार्फत)

विषय : उघड्या चाकांच्या शर्यतगाड्यांच्या छोट्या व विद्यार्थी संघांना अपघातानंतर तातडीचे साहाय्य मिळण्याबाबत.

महोदय,

हे निवेदन मस्कतच्या वादी कबीर भागात राहणाऱ्या काही मराठी कुटुंबांचे आहे. वादी कबीर म्हणजे गॅरेजांचा भाग. डेंटिंग-पेंटिंगवाले, वेल्डर आणि सुट्या भागांचे गाळे इथे दाटीवाटीने आहेत. इथला जुन्या गाड्यांचा शुक्रवारचा बाजार मस्कतभर माहीत आहे. अशा वातावरणात वाढलेली मुले बारावीनंतर पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातात आणि पहिल्याच वर्षी कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये नाव घालतात. पुढची तीन वर्षे घरी फोन आला की चर्चा परीक्षेपेक्षा चॅसी, सस्पेन्शन आणि टायरच्या दराची जास्त होते. निवेदनकर्ते या मुलांचे आईवडील, काका-मामा आहेत. कोणत्याही एका महाविद्यालयाबद्दल किंवा आयोजकाबद्दल त्यांची तक्रार नाही. गाडी धडकल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी या खेळात सरकारी पातळीवर काही व्यवस्था असावी, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

या गाड्या कशा असतात, ते आधी सांगणे बरे. चालक एकच, चाके चारही उघडी, सांगाडा पोलादी नळ्यांचा किंवा कार्बन फायबरचा. ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या विद्यार्थी स्पर्धेच्या नियमांनुसार हे सारे विद्यार्थ्यांनीच आखायचे आणि उभे करायचे असते. मुंबईत आयआयटीचा संघ आहे, सोमय्या महाविद्यालयाचा ‘ओरायन रेसिंग इंडिया’ आहे, द्वारकादास संघवी महाविद्यालयाचा ‘डीजेएस रेसिंग’ आहे. अनेक भारतीय संघ केटीएम ३९० दुचाकीचे ३७३ सीसीचे इंजिन वापरतात. ही दुचाकी चाकणला बनते, म्हणजे इंजिन घरचेच. टायर मात्र बहुधा अमेरिकेतून मागवावे लागतात. ‘फॉर्म्युला भारत’ची स्पर्धा कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. पुण्याहून ते अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे, तेव्हा ट्रकभाड्याचाही हिशेब आला.

गाडीच्या नाकाशी एक ठोकळा बसवलेला असतो, इम्पॅक्ट अॅटेन्युएटर. ३०० किलो वजन सेकंदाला ७ मीटर वेगाने आदळले तरी सरासरी धक्का गुरुत्वबलाच्या २० पटींच्या आत राहिला पाहिजे, असा नियम आहे. हा ठोकळा चुरगळण्यासाठीच केलेला असतो. एकदा चुरगळला की तो बाद, नवा बसवायचा. धडक जोराची असेल तर त्यामागच्या नळ्या वाकतात, सस्पेन्शनचे बिंदू हलतात, आणि गाडी पुन्हा तांत्रिक तपासणीतून गेल्याशिवाय ट्रॅकवर येऊ शकत नाही. व्यावसायिक संघाच्या हाती पुढची शर्यत तरी असते. विद्यार्थी संघाला वर्षातून एक-दोनच स्पर्धा मिळतात, आणि पुढच्या वर्षी निम्मा संघ पदवी घेऊन नोकरीला लागलेला असतो. सरावात, स्पर्धेच्या महिनाभर आधी गाडी ठोकली गेली तर त्या तुकडीचे वर्षच बुडते.

छोट्या संघाला अपघात किती महाग पडतो, याचा दाखला फॉर्म्युला वनमध्येच आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर, पावसात, मारुसिया संघाचा ज्यूल बियांची घसरला आणि दुसरी गाडी उचलण्यासाठी आलेल्या ट्रॅक्टर-क्रेनवर आदळला. पुढच्या रविवारी रशियातील सोची इथे मारुसियाने मॅक्स चिल्टनची एकच गाडी उतरवली. बियांचीची गाडी जोडून, तयार करून गॅरेजमध्ये ठेवली होती, तिच्यात कोणी बसले नाही. महिना संपण्याआधी संघ दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेला, आणि ७ नोव्हेंबरला, म्हणजे अपघातानंतर ३३ दिवसांनी, कामकाज थांबवून सुमारे २०० कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. संघाची बॅनबरीची इमारत नव्याने येऊ घातलेल्या हास संघाने घेतली. बियांची १७ जुलै २०१५ रोजी गेला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मारुसिया अपघाताआधीच आर्थिक अडचणीत होता, त्याला बुडवले ते एकट्या अपघाताने नव्हे. पण याच बियांचीने त्या वर्षी मे महिन्यात मोनाकोला नववा क्रमांक मिळवून संघाच्या इतिहासातले पहिले दोन गुण कमावले होते. त्या दोन गुणांमुळे वर्षाअखेर संघ सॉबरच्या वर, नवव्या स्थानी राहिला. नवव्या स्थानाच्या बक्षीस रकमेची आशा होती, म्हणूनच २०१५ मध्ये नवा गुंतवणूकदार पुढे आला आणि संघ ‘मॅनॉर’ नावाने परतला. म्हणजे संघाच्या नावावर पैसा लागलेला होता. तो हातात पडायला वेळ होता, आणि तेवढ्या वेळात २०० घरांचा पगार बंद झाला. या निवेदनाचा सारा भर त्या मधल्या वेळावर आहे.

सिमटेक संघाची गोष्ट याहून करुण आहे. निक वर्थ या तरुण अभियंत्याने उभा केलेला हा संघ १९९४ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला. ३० एप्रिलला इमोलाच्या पात्रता फेरीत संघाचा चालक रोलांड रात्झेनबर्गर मृत्युमुखी पडला. त्याचा करार जेमतेम पाच शर्यतींचा होता. दुसऱ्याच दिवशी, तिथेच, विख्यात चालक आयर्टन सेना गेला, आणि जगाच्या स्मरणात रात्झेनबर्गरला मागचीच जागा मिळाली. सिमटेकचा दुसरा चालक डेव्हिड ब्रॅबहॅम त्या रविवारी शर्यतीत उतरला. महिन्याभरात बार्सिलोनाला त्याच संघाच्या आंद्रेया माँतेर्मिनीची गाडी ठोकली गेली आणि त्याच्या पायाची हाडे मोडली. पुढच्या वर्षीच्या मोनाको शर्यतीनंतर सिमटेक दिसला नाही. हाच वर्थ पुढे २०१० मध्ये व्हर्जिन संघाची गाडी आखायला आला, आणि तोच व्हर्जिन नंतर मारुसिया झाला.

मोठ्या नावाच्या संघालाही सुटा सांगाडा नसेल तर काय होते, ते मार्च २०२४ मध्ये मेलबर्नला दिसले. विल्यम्सच्या अॅलेक्स अल्बनने पहिल्याच सरावात गाडी ठोकली. तिसरी चॅसी तयारच नव्हती. संघाने आपल्या दुसऱ्या चालकाला, लोगन सार्जंटला, गाडीतून उतरवून त्याची धडधाकट गाडी अल्बनला दिली. अल्बन अकरावा आला, गुण शून्य. त्याच सुमारास संघप्रमुख जेम्स व्हॉल्स यांनी सांगितले होते की गाडीच्या सुमारे २० हजार भागांची नोंद संघ एका एक्सेल शीटमध्ये ठेवत होता. पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हे वाचून पोरांना बरेच वाटले असणार.

आता आपल्याकडची स्थिती. २००९ मध्ये ग्रेटर नोएडाच्या फॉर्म्युला वन शर्यतीसाठी परदेशात रक्कम पाठवण्याची परवानगी मागितली गेली, तेव्हा याच मंत्रालयाने फॉर्म्युला वनला खेळाऐवजी करमणूक मानले होते. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, रॅलीचालक गौरव गिलला अर्जुन पुरस्कार देऊन सरकारनेच मोटर स्पोर्टची खेळ म्हणून दखल घेतली. ही दखल पुरस्कारापुरती राहू नये, असे निवेदनकर्त्यांना वाटते. विम्याचेच पाहा. आपल्या नेहमीच्या मोटर विमा पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी हे दोन्ही उपयोग स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी मोडली की साध्या पॉलिसीचा कागद कामाचा नाही.

ओमानचे उदाहरण निवेदनकर्त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. अहमद अल हार्थी हा इथला चालक, तरुणपणी सिंगल-सीटर चालवून मग जीटी गाड्यांकडे वळला. २०२४ मध्ये जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेत व्हॅलेंटिनो रॉसीसोबत एकाच बीएमडब्ल्यूत तो उतरला. त्याच्या पाठीशी खासगी कंपन्यांबरोबर इथले क्रीडा मंत्रालयही राहिले आहे. देश लहान, चालक मोजके, हे खरे. भारताला एवढा खर्च प्रत्येकासाठी करता येणार नाही, आणि तशी मागणीही इथे केलेली नाही.

मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय खेळाडू कल्याण निधीची स्थापना १९८२ ची. सरावात किंवा स्पर्धेत जखमी झालेल्या विद्यार्थी चालकाला, आणि तितकेच महत्त्वाचे, गाडीशेजारी काम करणाऱ्या मेकॅनिक विद्यार्थ्यालाही त्यातून साहाय्य मिळू शकते का, याचा लेखी खुलासा मंत्रालयाने करावा. मिळत नसेल तर नियमात तशी दुरुस्ती व्हावी. इंजिनचे तेल अंगावर उडून भाजलेला मुलगा खेळाडू नाही, असे कोणी म्हणू नये.

दुसरी मागणी पैशाची आहे, पण अनुदानाची नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा विकास निधीतून, किंवा मंत्रालयाला योग्य वाटेल त्या तरतुदीतून, अपघातग्रस्त छोट्या संघाला बिनव्याजी उचल मिळावी. अर्ज आल्यापासून १५ दिवसांत हो किंवा नाही असे उत्तर मिळावे. पैसा आधी सुरक्षेच्या भागांवरच खर्च व्हावा : इम्पॅक्ट अॅटेन्युएटर, रोल हूप, हार्नेस, हेल्मेट. रंग आणि प्रायोजकांची स्टिकरे नंतर. परतफेड पुढच्या हंगामाच्या प्रायोजकत्वातून कापून घ्यावी.

तिसरी मागणी खास महाराष्ट्रातल्या संघांच्या सोयीची आहे. पुण्यात कोथरूडला १९६६ पासून ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, आहे. वाकलेला सांगाडा सरळ करून वेल्डिंग केले की तो डोळ्यांना ठीक दिसतो. आतली चीर मात्र दिसत नाही, आणि पुढच्या धडकेत नळी नेमकी तिथेच तुटते. अशा सांगाड्यांची तपासणी एआरएआयमध्ये विद्यार्थी संघांसाठी विनामूल्य किंवा नाममात्र दरात व्हावी, यासाठी मंत्रालयाने अवजड उद्योग मंत्रालयाशी बोलणी करावीत. एका सांगाड्यामागे काही तासांचे काम आहे.

विमा नियामकाशी चर्चा करून ट्रॅकवरील सराव व स्पर्धांसाठी गट-विमा उपलब्ध करावा, ही चौथी मागणी.

शेवटची मागणी चौकशीची. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर अनुभवी चालक के. ई. कुमार यांचा शर्यतीत मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच १३ वर्षांचा एक दुचाकी रेसर गेला. या दोन्ही उघड्या चाकांच्या गाड्यांच्या शर्यती नव्हत्या, पण मुद्दा तोच आहे. बियांचीच्या अपघातानंतर मोटर स्पोर्टच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने ३९६ पानांचा अहवाल दिला, पुढच्याच वर्षी सगळ्या गाड्यांचा वेग एकदम कमी करायला लावणारी ‘व्हर्च्युअल सेफ्टी कार’ पद्धत आली, आणि २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती ‘हेलो’ ही संरक्षक चौकट बसवणे सक्तीचे झाले. भारतात प्रत्येक गंभीर अपघाताचा तांत्रिक अहवाल ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा आणि तो प्रत्येक महाविद्यालयीन संघाला मोफत मिळावा. अहवाल हाती असेल तर पुढची तुकडी गाडी आखतानाच त्याचा उपयोग करील.

वरील मागण्यांवर चर्चेसाठी निवेदनकर्ते मस्कतमध्ये राजदूतावासाच्या सोयीच्या दिवशी हजर राहतील. दिल्लीत बैठक ठरल्यास पुण्या-मुंबईच्या संघांतील विद्यार्थ्यांना बोलवावे, कारण तुटलेल्या गाडीचा हिशेब त्यांच्याच वहीत असतो.

आपले विश्वासू,
वादी कबीर, मस्कत येथील मराठी रहिवासी

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
अध्यक्ष, फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया
आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे