घराचाही उत्पादन खर्च मांडा



कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपण शिकलो. नांगरटीपासून वेचणीपर्यंतचे प्रत्येक काम, घरच्या माणसांच्या घामासकट, कागदावर मांडायचे आणि मग बाजारभावाशी ताडून पाहायचे. पण तोच शेतकरी घर बांधायला काढतो तेव्हा हा धडा विसरतो. गवंड्याला विचारतो, "किती लागतील?" गवंडी जागेवर एक नजर टाकून आकडा सांगतो आणि त्या आकड्यावर पाया खोदला जातो. भिंती खिडकीपर्यंत आल्या की पैसा सरतो. मग मृगासाठी राखून ठेवलेले बियाण्याचे पैसे विटांत जातात आणि पेरणीसाठी सावकाराचा उंबरा झिजवावा लागतो. शेतकऱ्याने घरावर उधळपट्टी केली म्हणून तो बुडाला, असे सांगायला शहाणी मंडळी मोकळी!

हिशेब अवघड नाही. सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. आतून १८ बाय १५ फुटांचे घर धरा, मधे एक आडभिंत, उंची १० फूट. बाहेरच्या नऊ इंची भिंती, दारे-खिडक्या वजा जाता, सुमारे ६१५ चौरस फूट भरतात. नऊ इंची भिंतीला चौरस फुटाला साधारण १० विटा लागतात, साडेचार इंचीला ५. आडभिंत आणि फुटतूट धरून सगळ्या मिळून ७ हजार विटा झाल्या. एकास सहा मालाने १०० घनफूट वीटकामाला ४ पोती सिमेंट आणि ३० घनफूट वाळू लागते. आपल्या घराच्या भिंतींना म्हणजे २० पोती आणि दीड ब्रास वाळू.

इथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो आणि फसतो. आतून-बाहेरून गिलावा करायचा तर क्षेत्र जवळजवळ १५०० चौरस फूट होते आणि त्याला पुन्हा १८ ते २० पोती सिमेंट जाते. जेवढे भिंतीत, तेवढेच भिंतीच्या अंगावर. पैसा कमी असेल तर गिलावा पुढच्या हंगामावर ढकला. विटांचे सांधे नीट भरून घेतले तर बिनगिलाव्याची भिंत पावसाळा काढते. अर्धवट भिंत आणि उघडे जोते मात्र पावसाळ्यात खराब होते.

ज्याला पुढे ढकलता येत नाही ते काम जमिनीखाली आहे. ज्या काळ्या मातीवर आपला कापूस आणि ज्वारी उभी राहते, तीच माती घराची वैरीण आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तिच्याबरोबर फाटते. पाया मुरमापर्यंत नेण्यावाचून साध्या घराला सोपा इलाज नाही. वरच्या घराच्या पायाची लांबी ८४ फूट आहे. रुंदी अडीच फूट धरली, तर पाया एक फूट जास्त खोल गेला की दोन ब्रास खोदकाम आणि तेवढेच भरकाम वाढते. मुरूम तीन फुटांवर लागेल की सहा, हे ठाऊक नसताना सांगितलेला आकडा म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. म्हणून ठेका ठरवण्याआधी जागेच्या एका कोपऱ्यात मुरूम लागेपर्यंत खड्डा घेऊन पाहावा. दोन माणसांची एका दिवसाची मजुरी जाईल, पण अर्धा अंदाज तिथेच पक्का होतो.

काटकसर करू नये असे आणखी एक काम आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसे गेली ती दगडमातीच्या रुंद भिंती आणि धाब्याच्या मातीचे ओझे अंगावर येऊन. त्या भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे काही नव्हते. दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींवर सलग जाणारा सहा इंच जाडीचा काँक्रीटचा पट्टा या घराला टाकायचा तर सहा पोती सिमेंट आणि सुमारे ४० किलो सळई लागते. पैसे वाचवायचे म्हणून गवंडी पट्टा फक्त दारा-खिडकीपुरता तोडायला सांगेल. त्याचे ऐकू नका.

मजुरीचेही तसेच. एक गवंडी दिवसाला साधारण ५०० विटा बसवतो, गिलावा १०० चौरस फूट करतो. म्हणजे भिंती आणि गिलावा मिळून ३० गवंडी-दिवस आणि त्याच्या दुप्पट बिगारी. उक्ते काम दिले तर ठेक्याचा आकडा या दिवसांशी ताडून पाहा. बिगारीला घरचीच माणसे राबणार असतील तर त्यांची मजुरीही कागदावर लिहा. शेतातल्या घरच्या मजुरीला पुरेसे दाम मिळत नाहीत म्हणून आपण भांडतो, मग घरातल्या बाईने वाहिलेली पाण्याची घागर आपणच फुकट कशी धरायची? (लक्ष्मीमुक्तीत ज्यांनी जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे केली, त्यांना घरही तिच्या नावे करा हे वेगळे सांगायला नको.) आणि पाण्याचाही हिशेब करा. वीटकामाला निदान सात दिवस आणि स्लॅबला चौदा दिवस पाणी मारावे लागते. काम चैत्रात काढले तर टँकरचे पैसे लागतील. कापसाची पहिली पट्टी हाती येताच काम काढावे हे बरे.

आता सरकारच्या हिशेबाकडे पाहू. २०१६ साली सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२४ साली योजना पाच वर्षे वाढवली, रक्कम तीच. राज्याने २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले काही सौर यंत्रासाठी. वाळूही पाच ब्रासपर्यंत फुकट, पण ती नदीतून दारात आणायचे ट्रॅक्टरभाडे लाभार्थ्याच्याच माथी. आता हीच रक्कम कापसात मोजा. २०१६-१७ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४१६० रुपये होता. १ लाख २० हजार म्हणजे सुमारे २९ क्विंटल. २०२५-२६ मध्ये हमीभाव ८११० रुपये. तीच रक्कम १५ क्विंटलही भरत नाही. खर्च वाढला म्हणून सरकारनेच कापसाचा आकडा जवळजवळ दुप्पट केला. मग गवंडी, वीट आणि सळई तेवढी २०१६ च्याच भावाने मिळते असे दिल्लीला वाटते काय? सिमेंटवर तर २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. तो १८ वर आला, पण शून्य झालेला नाही.

भीक नको, हवे घामाचे दाम, ही आपली भूमिका कायम आहे. घर कापसाच्या भावातूनच उभे राहिले पाहिजे. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले तर १५ क्विंटल म्हणजे तीन एकरांचा सगळा कापूस, त्यातून बियाणे, खत, वेचणी काही वजा न करता. घर बांधायचे असते ते उरलेल्यातून, आणि उरत काय ते आपण जाणतोच. पण सरकार घरकुल देते म्हणून मिरवते, तर तो आकडा तरी खरा असावा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर वीट हजारी, सिमेंटचे पोते, वाळूचा ब्रास घरपोच, सळईचा किलो, गवंडी आणि बिगारी यांची रोजी, असे आपल्या गावचे सहा दर लिहावेत. मुरूम किती फुटांवर लागतो तेही लिहावे. वरच्या परिमाणांना ते दर लावून तालुकावार खर्च काढू आणि तोच तक्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवू.