सोफ्याची खोली पुरे, आता आपली खोली मोजा!

परभणी जिल्ह्यातील आपली मुले-मुली आता ॲनिमेशन, इंटेरिअर आणि अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांना जात आहेत. तिथे एक प्रकल्प हमखास असतो : संगणकावर एखाद्या खोलीचे आतील दृश्य उभे करा. समोर येते ती बहुतेक वेळा एकच खोली. पांढरा सोफा, काचेचे टेबल, भिंतीतले फायरप्लेस. परभणीत थंडी कडाक्याची पडते हे खरे, पण आपल्याकडे शेकोटी पेटते ती अंगणात!

यात मुलांचा दोष नाही. सोफा, टेबल, पडदे यांची तयार मॉडेल्स इंटरनेटवर फुकट मिळतात. पत्र्याचे छप्पर, दोरीवरचे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींची भिंत मात्र स्वतःच्या हाताने बनवावी लागते. जे आयते मिळते ते प्रस्थापितांचे घर असते. आपण तेच उचलतो आणि आपली खोली दाखवण्यासारखी नाही, हे न बोलता मान्य करतो. ही गुलामी आहे. आणि तिचे नुकसान फक्त अस्मितेपुरते नाही.

जर्मनीचे एक उदाहरण पाहा. ६ एप्रिल २००६ रोजी कासेल शहरात हालित योझगात या २१ वर्षांच्या तुर्की वंशाच्या तरुणाचा नव-नाझींनी गोळ्या घालून खून केला. खून झाला तो त्याच्या कुटुंबाच्या इंटरनेट कॅफेत. त्या सुमारास सरकारी गुप्तचर खात्याचा एक अधिकारी तिथे बसलेला होता. त्याचे म्हणणे : मी काही ऐकले नाही, काही पाहिले नाही. लंडनच्या गोल्डस्मिथ्स विद्यापीठातील ‘फॉरेन्सिक आर्किटेक्चर’ या गटाने २०१७ मध्ये त्या ७७ चौरस मीटर कॅफेचे संगणकीय मॉडेल केले, खऱ्या मापाची प्रतिकृतीही उभारली. टेबल किती उंच, दार कुठे, बसलेल्या माणसाची नजर कुठपर्यंत जाते, गोळीचा आवाज कुठपर्यंत पोचतो, हे सगळे तपासले. अधिकाऱ्याचे म्हणणे पटण्यासारखे नाही, असा निष्कर्ष त्या गटाने मांडला. वापरलेली विद्या बरीचशी तीच, जी आपली मुले मार्कांसाठी शिकतात.

बंद खोलीचा प्रश्न परभणीला समजावून सांगण्याची गरज नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. या प्रकरणी पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला. पोलीस ठाण्यांच्या कोठड्यांत, वऱ्हांड्यांत, प्रवेशद्वारांवर कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजीच बजावले होते. पण कॅमेरा नुसता असून भागत नाही. त्याच्या कक्षेत काय येत होते, कोणता कोपरा सुटत होता, हे मापासह मांडणारी माणसे लागतात. आपल्याकडे वकील आहेत, कार्यकर्ते आहेत, कवी आहेत. खोली मोजणारे किती आहेत?

आठवणींचेही तेच. २५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. वास्तू एका रात्रीत जाते. तिची आतली मापे, फोटो आणि मॉडेल आधीच करून ठेवले असेल, तर निदान काय होते ते पुढच्या पिढीला दाखवता येते. म्हणून गावातला विहार, वस्तीतली अभ्यासिका, आजीचे घर आजच मोजून ठेवा.

कुणी म्हणेल, मार्क जातील. उलट, ही खोली अधिक अवघड आहे. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात परळच्या चाळीतील एका खोलीचे वर्णन आहे. वडील रात्री दोन वाजता उठवत आणि विद्यार्थी भीमराव काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापुढे अभ्यासाला बसत. एकाच ज्योतीचा हलता उजेड आणि काजळलेली भिंत संगणकावर जमवून दाखवा. सोफ्यावर सरसकट उजेड पाडण्यापेक्षा तिथे खरा कस लागतो.

साधने आवाक्यात आहेत. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त आहे, पैसे पडत नाहीत. सोबत मोजपट्टी आणि मोबाईल. भिंतीची जाडी, दाराची उंची, जमिनीपासून खिडकीचे अंतर, उत्तर दिशा हे सगळे वहीत तारखेसह लिहा. भिंतीचा पोत त्याच भिंतीच्या फोटोवरून घ्या. जे मोजलेले नाही, ते वेगळ्या रंगात दाखवा. अंदाज सत्य म्हणून खपवला, तर पहिल्याच उलटतपासणीत सगळे मॉडेल कोसळेल. कुणाच्या घरावर अत्याचार झाला असेल, तर त्या कुटुंबाच्या संमतीशिवाय पाऊल टाकू नका. त्यांचे दुःख हा आपल्या प्रकल्पाचा कच्चा माल नाही.

बाबासाहेब जन्मभर पुराव्यानिशी बोलले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी खोलीचासुद्धा पुरावा तयार ठेवला पाहिजे. पुढच्या प्रकल्पाचा विषय फळ्यावर लिहिला जाईल, तेव्हा आधी मोजपट्टी हातात घ्या.

जय भीम!