हवाला कुणाचा, दोष कुणाला?



आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्याच एका लग्नाची गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. जेवायला बसलो होतो, एक तरुण विधवा पाणी वाढत होती. नवरा ट्रकवर होता, 'त्या आजाराने' गेला. नंतर तिची तपासणी झाली, तर तीही बाधित निघाली. मरहूम नवऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. तिच्याबद्दल मात्र शेजारच्या एक खाला हळूच म्हणाल्या, "इसके क़दमच अच्छे नहीं थे."

खालांच्या या वाक्याचं उत्तर १९९७ सालीच लिहून झालं आहे. लिहिणाऱ्याच्या आडनावात आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड आहे. त्यांचं नाव डॉ. रमण गंगाखेडकर.

भारतात एचआयव्हीचं पहिलं निदान १९८६ मध्ये चेन्नईत झालं. ते करणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्याच. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', सुरू झाली. हा आजार देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि ट्रकचालक यांच्यापुरताच आहे, असं तेव्हा बहुतेक लोक धरून चालत.

डॉ. गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यातल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, एका नवऱ्याशी संसार करणाऱ्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण १३.६ टक्के निघालं, म्हणजे शंभरात जवळजवळ चौदा. त्यांचा मोठा धोका कोणता होता? जोडीदाराला असलेला गुप्तरोग. घराचा उंबरठा न ओलांडलेल्या बाईपर्यंत आजार नवऱ्याच्या हातून पोहोचत होता. हा निबंध 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

शोधनिबंधाचा प्रभाव मोजायची एक रीत आहे. पुढचे किती अभ्यासक त्याचा हवाला देतात, हे मोजतात. त्याला सायटेशन म्हणतात. एखाद्या शास्त्रज्ञाच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस हवाले मिळाले, तर त्याचा एच-इंडेक्स वीस. आपल्याला ही रीत परकी वाटू नये. हदीसच्या अभ्यासात पहिला सवाल सनदेचाच असतो: हे कुणाकडून ऐकलं, त्याने कुणाकडून ऐकलं? हवाला म्हणजे जबाबदारी. खालांच्या वाक्याला मात्र कुठलीच सनद नव्हती.

आता आपल्या घरातला एक गैरसमज. "आमच्यात खतना होतो, आम्हाला काय भीती?" असं काही पुरुष म्हणतात. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्यातल्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास आला. त्याच्या लेखकांतही डॉ. गंगाखेडकर होते. खतना झालेल्यांना एचआयव्हीचा धोका खरोखरच बराच कमी दिसला, पण गरमी, परमा यांपासून संरक्षण दिसलं नाही. पुढे २००९ मध्ये युगांडातल्या एका चाचणीचा निष्कर्ष आला: आधीच बाधित असलेल्या पुरुषाचा खतना केल्याने त्याच्या बायकोची लागण टळत नाही. म्हणजे खतन्याने पुरुषाचा धोका कमी होतो, संपत नाही, आणि बाधित नवऱ्याच्या बायकोला त्याची ढाल मिळत नाही.

मग ढाल कोणती? औषध. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक मोठी चाचणी झाली. जोडीदारांपैकी एक बाधित आणि एक निरोगी, अशी ही जोडपी. पुण्याची 'नारी' त्यात सहभागी होती. बाधित जोडीदाराला लवकर औषध दिलं, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं २०११ मध्ये दिसून आलं. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. वेळेवर उपचार मिळाले तर ती ५ टक्क्यांच्याही खाली येते.

डॉ. गंगाखेडकर पुढे 'नारी'चे संचालक झाले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी कोरोनाच्या दिवसांत आयसीएमआरच्या वतीने रोज टीव्हीवर माहिती देणारे तेच. चेहरा सगळ्यांना आठवेल. १९९७ चा तो निबंध मात्र आपल्या घरांत पोहोचलाच नाही. जगभरच्या अभ्यासकांनी त्याचे हवाले दिले, पण आपल्या लग्नांत आजही खालांच्याच वाक्याचा हवाला चालतो.

तेव्हा एवढं करू या. निकाह ठरवताना पगार, शेत, घर विचारतो, तशी दोन्हीकडच्या राजीखुशीने एचआयव्हीची तपासणीही करून घेऊ. मुलीची तेवढी नको, मुलाचीही हवी. बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांनी आणि गरोदर बहिणींनी संकोच ठेवू नये. जिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात समुपदेशन आणि तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. सरकारी औषधं २००४ पासून मोफत आहेत. फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. बाधित व्यक्तीला नोकरी, शाळा, उपचार किंवा भाड्याचं घर नाकारायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

त्या दिवशी मी खालांना एवढंच विचारलं, "खालाजान, उसके मियाँ की जाँच किसने की थी?" त्या गप्प झाल्या. मग थोड्या वेळाने त्यांनीच त्या मुलीला हाक मारली आणि आपल्या शेजारी जेवायला बसवलं.

त्या मुलीचं औषध सुरू आहे. इन्शाअल्लाह, ती खूप जगेल.