ऐंशी घरांची चौकट आणि आपली जोडाक्षरे

केजसारख्या तालुक्याच्या गावी मराठीचा प्राध्यापक टेबलावरच्या संगणकात लिनक्स बसवतो आणि त्यातल्या टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहीत बसतो, याचे स्टाफरूममध्ये अजूनही हसू होते. ‘सर, तुम्ही मराठीचे की कॉम्प्युटरचे?’ हा प्रश्न ठरलेला. मराठीचा आहे म्हणूनच बसतो, हे माझे उत्तर कुणाला फारसे पटत नाही. ते इथे जरा सविस्तर मांडतो.

केजहून अंबाजोगाई जवळ. तिथल्या दासोपंतांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून ओळखला जातो. एवढ्या पसाऱ्यात एखादा शब्द कुठे, किती वेळा, कोणत्या रूपात आला हे पाहायचे तर आपल्या आधीच्या पिढ्यांनी चिठ्ठ्या केल्या, वह्या भरल्या. मजकूर युनिकोडमध्ये उतरवलेला असेल, तर टर्मिनलमधली ‘ग्रेप’ ही एकच आज्ञा शेकडो फायलींतून तो शब्द ओळींसकट समोर ठेवते. ‘डिफ’ दोन प्रतींतले फरक ओळीओळीने दाखवते. पाठभेद पाहणाऱ्याला आणखी काय हवे? त्यासाठी इंटरनेट लागत नाही, महागडे यंत्र लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. टर्मिनल ही मुळात ऐंशी घरांची चौकट. ही रुंदी १९२८ सालच्या आयबीएमच्या छिद्रपत्रापासून चालत आली आणि १९७८ च्या व्हीटी१०० या यंत्राने चोवीस ओळी, ऐंशी रकाने हा आकार रूढ केला. एका घरात एक अक्षर, हा रोमन लिपीचा हिशेब. आपले ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर; युनिकोडच्या लेखी मात्र क, हलन्ताचे चिन्ह, ष आणि वेलांटी असे चार संकेत. ते किती घरे अडवतात याबद्दल आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम एक मोजणी करतो आणि खिडकी दुसरी. मग वेलांटी दूर जाऊन पडते, जोडाक्षर फुटते, कर्सर भलतीकडे उभा राहतो. पहिल्या दिवशी पडद्यावरची ओवी पाहून मी यंत्र बंदच केले होते.

अशा वेळी आपली मंडळी दोनपैकी एक करतात: रोमन लिपीत मराठी लिहितात, किंवा ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून उठतात. दोन्ही मला अमान्य. घर भाड्याचे असले तरी मांडामांड आपली करता येते. केडीईचे ‘कॉन्सोल’ जोडाक्षरे बऱ्यापैकी नीट दाखवते. जपानी प्रोग्रामरांनी घडवलेल्या ‘एमएलटर्म’ने भारतीय लिप्यांचा विचार आवर्जून केला आहे. टंक लोहित किंवा नोटो देवनागरी घ्यावा आणि आकार इंग्रजीपेक्षा दोन पायऱ्यांनी मोठा ठेवावा, कारण आपल्याला शिरोरेषेच्या वरही लिहायचे असते आणि खालीही. काळ्या पार्श्वभूमीवर अनुस्वार हरवतो. मी फिकट पिवळसर पार्श्वभूमी आणि गडद शाई निवडली. कळफलक इन्स्क्रिप्ट: आठ दिवस बोटे कुरकुरतात, मग विसरतात. सूचना मात्र इंग्रजीतच राहू दिल्या. अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी सूचना वाचण्यापेक्षा ते बरे.

दीर्घ वाचनासाठी मी ‘इमॅक्स’ वापरतो. २०२० च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून तो अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ वापरू लागला. हे नाव फारसीतून आले आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. ज्यांच्या आजोबांची शाळा निजामी अमलात उर्दूतून झाली, त्या मराठवाड्यातल्या वाचकांना ते परके वाटू नये.

पण पडदा नीट दिसला म्हणजे काम झाले, असेही नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. हा दुसऱ्या शब्दातला आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘ग्रेप’ला ते दोन निराळे शब्द वाटतात. एका विद्यार्थ्याने नव्या पद्धतीने शोध घेतला आणि एका फायलीत असा शब्द नाहीच, असे टिपण आणले. शब्द होता, टंकलेखकाची रीत वेगळी होती. आकड्यांवर विसंबून कुणी कवीच्या शब्दकळेविषयी विधान केले असते, तर ते साफ चुकले असते. अशी चूक प्रोग्रामर ओळखणार नाही. ती मराठीच्या माणसालाच दिसते, आणि तो तर स्टाफरूममध्ये हसतो आहे.

आता आम्ही कोणतीही फाइल शोधासाठी घेण्याआधी ‘सेड’ने हा र एका रीतीचा करून घेतो. त्याची एक ओळीची आज्ञा विभागाच्या संगणकाशेजारी कागदावर लिहून चिकटवली आहे. ‘धार्ष्ट्य’ खोडताना माझा कर्सर आजही टर्मिनलमध्ये एखादे घर चुकतो. तेवढी ओळ मी इमॅक्समध्ये नेऊन दुरुस्त करतो.