झालं गेलं गंगेला मिळालं?

मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत उभा होतो. मागे चाललेलं बोलणं कानावर आलं. विषय होता आपल्या सेंट लुईसमधले बोस्नियन लोक. "तीस वर्षं झाली, अजून तेच उगाळत बसलेत. अमेरिकेत आलात, घरं घेतलीत, स्वतःचे ट्रक घेतलेत, आता सोडा की! आपल्या लोकांनी काय कमी सोसलं? पण आपण म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं." तीन-चार जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. समोर मसालेभात होता, आणि बोलणारे काका वयाने मोठे. माझी इथली पहिली दिवाळी त्यांच्याच घरी झालेली. त्यांचा मान राखून, तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे. काका, राग मानू नका.

आधी स्वतःचं सांगतो, कारण मीही काही वेगळा नव्हतो. २०१२ साली एका क्लायंटकडे आमचं डेटा मायग्रेशनचं काम चालू होतं. गो-लाइव्ह जुलैच्या दुसऱ्या वीकेंडला. डेटाबेस सांभाळणारा मुलगा बोस्नियन होता. त्याने फेब्रुवारीतच जुलैची रजा सांगून ठेवली होती, आणि मी ती साफ विसरलो होतो. जूनमध्ये त्याला म्हटलं, "एवढ्या वर्षी नाही गेलास तर नाही का चालणार? तुमचा तो कार्यक्रम दरवर्षीच असतो ना?"

तो शांतपणे म्हणाला, "कार्यक्रम दरवर्षी असतो. माझ्या वडिलांचं दफन या वर्षी आहे."

मी विचारलं, कधी वारले? म्हणाला, १९९५.

मला काही कळेना. मग त्याने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. पूर्व बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा हे गाव संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं होतं. रक्षणाला डच सैनिक होते. ११ जुलै १९९५ ला जनरल म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजेने ते घेतलं. बायका-मुलांना बसमध्ये कोंबून बाहेर काढलं. पुरुष आणि जाणते मुलगे वेगळे केले. बरेचसे डोंगरातून पायी निघाले होते, तेही वाटेत पकडले गेले. काही दिवसांत आठ हजारांवर माणसं मारली. हा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, आईबरोबर बसमध्ये होता. अजून थोडा उंच असता तर, असं म्हणून तो थांबला.

पण मला हादरवलं ते याच्या पुढचं. ऑगस्टमध्ये अमेरिकेने विमानातून घेतलेले, उकरलेल्या जमिनीचे फोटो सुरक्षा परिषदेत दाखवले. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात मारेकऱ्यांनी सामूहिक कबरी जेसीबीसारखी यंत्रं लावून उकरल्या आणि प्रेतं ट्रकमध्ये भरून दूर दूर नेऊन पुन्हा पुरली. यंत्राच्या दातांनी देहांचे तुकडे झाले. एकाच माणसाची हाडं दोन, तीन, कधी चार-पाच कबरींत निघाली.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत बोलतो. हा जगातला सगळ्यात भयंकर डेटा रिकन्सिलिएशनचा प्रश्न होता. एकीकडे हजारो हाडं, दुसरीकडे हजारो नावं, आणि दोन्हीकडे सामायिक असा एकही रकाना नाही. सुरुवातीला कपडे, घड्याळं, किल्ल्या यांचे फोटो नातेवाइकांना दाखवून ओळख पटवत, पण सगळ्यांचे कपडे सारखेच, मदतीत आलेले. १९९६ मध्ये बेपत्ता व्यक्तींसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. त्याने जिवंत नातेवाइकांचं रक्त गोळा केलं, हाडांतून डीएनए काढला आणि दोन्ही संगणकावर जुळवायला घेतलं. पहिली जुळणी २००१ मध्ये झाली. आजवर स्रेब्रेनित्साच्या सुमारे सात हजार जणांची ओळख पटली आहे. हजाराच्या आसपास अजून सापडायचे आहेत.

आमच्या प्रोजेक्टमध्ये रेकॉर्ड जुळलं की हिरवी खूण यायची, आणि आम्ही खूश. तिथे रेकॉर्ड जुळलं की कुणाच्या तरी घरी फोन जातो. या मुलाच्या घरी असा पहिला फोन बऱ्याच वर्षांपूर्वी आला होता. मांडीचं एक हाड. आईने दफनाला नकार दिला. एका हाडाला काय पुरायचं, बाकीचे येऊ देत. मग दुसरा फोन, थोडी आणखी हाडं. २०१२ पर्यंत आई थकली होती. म्हणाली, आहेत तेवढे पुरू या, मी असेपर्यंत. त्या वर्षी ११ जुलैला पोतोचारीच्या दफनभूमीत पाचशे वीस जणांना एकाच दिवशी मूठमाती मिळाली, त्यात त्याचे वडील. गो-लाइव्ह आम्ही एक आठवडा पुढे ढकललं. कुणाचंही काही बिघडलं नाही.

काका, गंगेला मिळायला आधी अस्थी हातात याव्या लागतात. त्यांना त्या आल्या तेव्हा सतरा वर्षं उलटली होती. आपल्याकडे देह सापडला नाही तर पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं की ठाव न लागलेला माणूस घराला पुढे जाऊ देत नाही. आणि आपण विसरणारी जात आहोत म्हणता? १७६१ मध्ये पानिपतावर भाऊसाहेब गेले. पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊंचा तोतया निघाला, त्याच्यामागे फौजा जमल्या, १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत सगळं राज्य ढवळून निघालं. आपण अजून 'पानिपत झालं' म्हणतो.

दुसरा एक मुद्दा नेहमी निघतो, की युद्धात दोन्हीकडून असंच होतं, कोर्टकचेऱ्यांनी काय होणार. होतं ते असं. हेगच्या न्यायालयाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि १६१ पैकी एकही फरारी राहू दिला नाही. त्यात सर्ब जास्त, पण क्रोएट आणि बोस्नियाक आरोपीही होते. कारादजिच दाढी वाढवून, नाव बदलून बेलग्रेडमध्ये निसर्गोपचार करत होता, २००८ मध्ये धरला गेला. म्लादिच सोळा वर्षांनी, २०११ मध्ये. दोघांनाही अखेर जन्मठेप झाली आहे. निकालपत्रात आरोपींची नावं असतात, जमातीचं नाव नसतं. खटला झालाच नाही तर सगळे सर्ब खुनी ठरतात. माझ्या मित्राचं म्हणणं, कुणाचा द्वेष करायचा नाही हे मला त्या निकालांनी शिकवलं. बाकी फारसं काही दिलं नाही हेही तो सांगतो. घर परत मिळालं, पण ते गाव आज बोस्नियाच्या सर्ब भागात आहे, आणि तिथले बडे पुढारी अजून 'वंशसंहार झालाच नाही' म्हणतात. २३ मे २०२४ ला संयुक्त राष्ट्रांनी ११ जुलै हा स्मृतिदिन ठरवला. बाजूने ८४, विरुद्ध १९, तटस्थ ६८. तटस्थांत आपला भारतही होता. मला त्याची लाज वाटली.

आणि एक गोष्ट लिहू की नको, असं करत होतो. मी मुंबईत वाढलो. १९९२-९३ च्या हिवाळ्यात, इकडे बोस्निया पेटला होता तेव्हा, मी चौदा वर्षांचा होतो. सायकलला पत्र्याची पेटी लावून एक पाववाला सकाळी यायचा. त्या जानेवारीनंतर तो आला नाही. गावाला गेला असेल, आई म्हणाली. गेलाही असेल. आमच्या चाळीत पुन्हा कुणी विषय काढला नाही, आठवड्याभरात दुसरा पाववाला लागला. त्या दंगलींत सुमारे ९०० माणसं गेली आणि १६८ बेपत्ता झाली. श्रीकृष्ण आयोग सरकारने १९९६ मध्ये गुंडाळला, मग पुन्हा सुरू केला, अहवाल १९९८ मध्ये आला. बेपत्तांपैकी फक्त ६० जणांच्या घरच्यांना भरपाई मिळाली होती. बाकी १०८ जणांचे वारस शोधा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये, तीस वर्षांनी, सांगावं लागलं. तेव्हा 'आपण सोडून देतो' याचा अर्थ कोण काय सोडून देतं, हे जरा तपासू या. मला त्या पाववाल्याचं नावही माहीत नाही.

२०२६ मध्ये ११ जुलै शनिवारी येतो. आपली पिकनिकही बहुधा त्याच दिवशी असेल. तारीख बदला असं मी म्हणत नाही. त्या दिवशी इथले बोस्नियन लोक जमतात. मी आणि माझी बायको आधी तिथे जाणार आहोत. भेळेचं सामान आदल्या संध्याकाळी समितीकडे पोचवू. काका, तुम्ही येणार असाल तर गाडीत जागा आहे, सकाळी घ्यायला येतो.